खात्रीचा प्रश्न

सुट्टीवर निघण्याआधी थोरल्याने आईला फोनवर चांगलं अर्धा तास पढवलं. "या दिवसांत भामट्यांचा सुळसुळाट असतो. हुबेहूब माझ्या आवाजात फोन येईल, भुलू नकोस. फक्त मुलालाच माहीत असेल असं काहीतरी विचार. उत्तर आलं नाही तर सरळ फोन ठेव." बँकेत गिऱ्हाइकांनाही तो हेच सांगायचा.

तिसऱ्याच दिवशी बसस्टँडवर त्याची बॅग गेली. पाकीट, त्याचा फोन, बायकोचा फोन, सगळं तिच्यातच. तिकीट खिडकीवरच्या बाईंचा फोन मागून त्याने पाठ असलेला एकुलता एक नंबर फिरवला.

"आई, मी बोलतोय. बॅग चोरीला गेली गं. कार्ड बंद करायचंय. तुझ्या कपाटातल्या वहीत मी त्याचा नंबर लिहून ठेवलाय, तेवढा वाचून दाखव."

"थांब," आई म्हणाली. "आधी सांग, गेल्या महिन्यात माझ्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?"

धाकटी बहीण आहे ना सोबतीला, या भरवशावर तो ऑपरेशनला गेला नव्हता. नंतर फोन करायचंही आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं होतं. डावा म्हणावं की उजवा, जीभ रेटेना.

"आई... मला नाही माहीत."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.



"मग तूच आहेस रे. घे, नंबर लिहून घे. भामट्याने निदान चौकशी तरी केली असती."