बटण

हॉस्पिटलच्या मालिकेत मॉनिटरवरची हृदयाची रेघ चालवायचं काम त्याचं. त्या दिवशीच्या भागात डॉक्टरांनी हात टेकले, आईने हात जोडले आणि सपाट पडलेली रेघ टुणकन उसळली.

शॉट संपल्यावर आईचं काम करणाऱ्या बाईंनी डोळे पुसत विचारलं, "खरंच होत असेल का रे असं?"

"कॅमेऱ्यामागे बसून मी हातातल्या रिमोटचं बटण दाबतो, मावशी. देवबिव कोणी नसतो तिथे," तो हसून म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात तो खऱ्या हॉस्पिटलात वडिलांच्या खाटेशी उभा होता. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली. डॉक्टरांनी बराच प्रयत्न केला, मग घड्याळात पाहून वेळ सांगितली.

"दादा, हाताला काय होतंय तुझ्या?" बहिणीने विचारलं.

त्याने खाली पाहिलं. त्याचा अंगठा रिकाम्या मुठीवर सारखा दाबत होता.