कुलदैवत कोणतं?

"विचार तिला. तुमचं कुलदैवत कोणतं?" कालव्यातल्या बदकांकडे बघत सरलाताईंनी मुलाला फर्मावलं.

सारंगने मान वर केली. समोर सितलाली उभी होती. मेक्सिकोची, इथे आयर्लंडमधल्या नास गावच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्याचं ठरलं होतं, आणि आईचं ठरलं होतं की मुळीच नाही. आईला दुखावून लग्न करायची त्याची छाती नव्हती. शेवटी घासाघीस होऊन तोडगा निघाला. आई मुलीला एकच प्रश्न विचारणार. उत्तर पटलं तर आशीर्वाद, नाही पटलं तर विषय कायमचा बंद. सारंगला वाटलं, स्वयंपाक येतो का विचारेल, फार तर मांसमच्छीचं विचारेल. प्रश्न आत्ता कळला आणि गडी गारच पडला.

मेक्सिकोच्या मुलीला कुलदैवत विचारायचं! प्रश्न लबाडीचा होताच. पण सरलाताईंच्या घरात स्थळ आलं की पगाराच्या आधी हेच विचारतात. त्यांचं स्वतःचं कुलदैवत गोव्याचं. पोर्तुगीज देवळं पाडत सुटले, तेव्हा पूर्वजांनी देवीला पालखीत घालून रातोरात नदीपलीकडे नेलं. ही गोष्ट सारंग पाळण्यात असल्यापासून ऐकत होता. "घरदार सोडलं, देवी नाही सोडली," असं म्हणताना आई अजूनही हात जोडायची. देवीचा चांदीचा टाक त्यांच्या पर्समधून आयर्लंडलाही आला होता. आपल्यामागे तिच्यापुढे दिवा कोण लावणार, ही त्यांची धास्ती. मुलगी त्यांना वाईट वाटत नव्हती. त्यांना भीती वाटत होती, बाकी काही नाही.

आल्या होत्या तीन महिन्यांसाठी. मग कोविड आला, विमानं बंद झाली, नंतर चालू झाली तरी एकटीने प्रवास करायचा धीर होईना. त्यात हे दुसरं वर्ष उजाडलं. घरात पाहुणा बोलवायला सरकारची बंदी, म्हणून मुलगी बघायचा कार्यक्रम असा कालव्याकाठी, मास्क लावून, दोन मीटरवरून. "बरंच झालं, कांदेपोहे वाचले," सरलाताई म्हणाल्या होत्या. त्यातून आज महाशिवरात्र. पोटात जरासा बटाट्याचा कीस, एवढंच. पुण्याहून आणलेल्या राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा केव्हाच संपला होता. आणि उपासाच्या दिवशी परक्या हातचं खायचं नाही, हा त्यांचा नेम.

सारंगने घसा खाकरला आणि इंग्रजीत सुरुवात केली. "आई विचारतेय, तुमच्या घरी देव वगैरे... म्हणजे असं काही..."

"गुळमुळीत नको. नीट विचार," सरलाताई म्हणाल्या. जन्मभर शाळेत शिकवलेलं. इंग्रजी त्यांना छान कळायचं. पण आज मराठीच बोलायचं असा हट्ट होता.

त्याने नीट विचारलं. घराण्याचा देव. पिढ्यान्‌पिढ्यांचा.

आता ही म्हणणार, आम्ही चर्चमध्ये जातो. की मिटला विषय. सरलाताईंनी पदर सावरून निघायची तयारीसुद्धा केली.

"होता," सितलाली म्हणाली. "माझी आजी सांगायची. एका धान्याचं पीठ मधात मळायचे आणि त्याची देवाची मूर्ती करायचे. पूजा झाली की सगळा गाव मिळून ती मूर्ती खायचा. मग स्पॅनिश आले. त्यांनी मूर्ती फोडल्या. पण लोक नवीन मूर्ती करतच राहिले, तेव्हा त्यांनी ते धान्य पेरायलाच बंदी घातली. शेतं जाळली. आजीच्या गावात मग लोक मक्याच्या आड मूठमूठ पेरायचे. आता आम्ही चर्चमध्येच जातो. पण मोठ्या सणाला घरात ते धान्य लागतंच. आज तुमचा सण आहे असं सारंग म्हणाला, म्हणून मी करून आणलंय."

तिने पिशवीतून डबा काढला, बाकावर ठेवला आणि नियमाप्रमाणे मागे सरकली.

सरलाताईंनी झाकण उघडलं. आत पांढऱ्याशुभ्र, फुललेल्या बारीक दाण्यांच्या वड्या होत्या, मधात बांधलेल्या.

"अगं बाई! हा तर राजगिरा!"

"आई, तुझा नेम आहे," सारंग घाईघाईने म्हणाला. "राहू दे. घरी नेऊन ठेवू, मी खाईन."

"तू गप्प बस."

त्यांनी मास्क खाली केला, वडी आधी कपाळाला लावली आणि मग तोंडात टाकली. डोळे भरून आले. सितलाली घाबरून सारंगकडे बघायला लागली. काही बिघडलं की काय?

"ग्रँड," सरलाताई तिला म्हणाल्या. दिवसभरातला पहिला इंग्रजी शब्द, आणि तोही इथली माणसं 'छान'साठी उठसूट वापरतात तो. एवढंच म्हणून डबा पोटाशी धरून त्या घराकडे चालू लागल्या. याचा अर्थ हो की नाही, हे विचारायचा सारंगला धीर होईना. सितलालीला हात करून तो मागे निघाला.

दारात बूट काढतायत तोवर पुण्याहून सारंगच्या बाबांचा, वसंतरावांचा फोन आला. सरलाताईंनी तो स्पीकरवर टाकला आणि देवापुढे दिवा लावला.

"अगं, काय झालं? विचारलंस का? आहे का तिला कुलदैवत?"

"आहे." त्यांनी एक वडी देवीच्या टाकापुढे ठेवली. "आपली देवी नदीपलीकडे पळाली ना हो, तसाच हिचा देव पळाला. आणि पळून पळून कुठे आला, तर आपल्या उपासाच्या ताटात."