भाविकाच्या लग्नात पंगत नव्हती

"पंगत नाय म्हंजे?" नामाने केटररचं मेनूकार्ड उलटून पाहिलं, जणू मागच्या बाजूला पंगत सापडणार होती. "मंग लोकं जेवनार कशी?"

"उभ्याने," त्याची मुलगी भाविका म्हणाली. "छोट्या छोट्या डिश फिरवतील. एकीत घावन, एकीत वाटीभर बिरडं. हवं ते उचलायचं, खायचं. बसायचं नाही, एवढंच."

"आन् म्हातारी मानसं?"

"खुर्च्या असतील ना. स्टेजपाशी."

उलव्याच्या त्या तीन मजली घरात आठ दिवस हेच चाललं होतं. मोठ्या मुलाच्या, कुंदनच्या लग्नात दोन हजार माणूस रांगेने बसून जेवलं होतं. नामा स्वतः जिलेबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरला होता. आता त्याच घरच्या पाहुण्यांनी बशी धरून उभं राहायचं? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

अर्थात ही वर वर सांगायची गोष्ट झाली. नामाला पंगत हवी होती ती एका पानासाठी, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नऊ वर्षांपूर्वी, सरकारने घेतलेल्या शेतीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे कागद होत असताना, त्याने थोरल्या बहिणीची, गोजराची, हिस्सा सोडल्याची सही घेतली होती. रेशनकार्डाचा कागद आहे असं सांगून. आई लवकर गेली, तेव्हा या गोजरानेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिला खरं कळलं ते त्याच वर्षी कुंदनच्या साखरपुड्याच्या पंगतीत, शेजारच्या बाईच्या बोलण्यातून. ती भरल्या पानावरून उठली.

"मागितला असतास तर हसत दिला असता," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "देवाची आन, तुझ्या पंगतीला परत बसनार नाय."

कुंदनच्या लग्नाला ती आली. अक्षता टाकल्या, पोराला जवळ घेतलं आणि पाण्याचा घोटही न घेता नावड्याला सासरी परत गेली. तेव्हापासून घरात पंगत बसली की नामा पहिलं पान तिच्यासाठी मांडायचा. तिथे कुणाला बसू द्यायचा नाही. शेवटी ते तसंच उचललं जायचं. तरी तो मांडायचा. पंगतच नसेल तर पान मांडायचं कुठे?

हे त्याने भाविकाला एकदा चाचरत सांगून पाहिलं.

"माहितेय पप्पा," ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. हल्ली फोन आला की ती गॅलरीत जाई. शिवतेजचा, होणाऱ्या नवऱ्याचा असणार, म्हणून कुणी विचारत नसे. त्या दिवशी ती परत आली ती नवं फर्मान घेऊन.

"एक डिश मऊ पाहिजे. अजिबात तिखट नको. तांदळाची खीर ठेवू."

"का गं?" आईने, गिरजाबाईने विचारलं. "साताऱ्याचा जावई आणि तिखट चालत नाय?"

भाविकाने हसत मेनूकार्डावर खीर लिहून टाकली. पोरगी आत्तापासूनच सासरची झाली, असं नामाला वाटलं आणि वाईटही वाटलं.

पत्रिका द्यायला तो नावड्याला गेला तेव्हा गोजरा दारात वाल सोलत होती. तोंडाचं बोळकं झालं होतं. तिने पत्रिका कपाळाला लावली आणि पदराखाली ठेवली.

"बाय, माझं चुकलं," नामा म्हणाला. दर खेपेला तो हेच म्हणे.

"कलतंय मना. पन आन घेतलीय, नामा. देवाला काय सांगू?" मग सालं बाजूला सारत तिनेच विचारलं, "पंगत किती वाजता हाय?"

"पंगत नाय. उभ्यानं खायाचं हाय. पोरगी आयकतच नाय माजं."

"मंग तू आयक तिचं. लगीन तिचं हाय." ती पुन्हा वालांकडे वळली.

बहीणही परक्यासारखं बोलली, हे मनात घेऊन तो उठला.

लग्न भर दुपारचं होतं. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. आता गोजरा दाराकडे वळणार, हे नामाला पाठ होतं. ते बघायला नको म्हणून तो मांडवाच्या खांबाशी उगाच फुलांची माळ सारखी करत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली.

गोजरा गेली नव्हती. कूलरपाशी उभी राहून ती खीर खात होती.

वाटी संपली तशी तिने समोरून जाणाऱ्या ट्रेमधून घावनाची डिश उचलली. मग बिरड्याची. एका पोराने खुर्ची आणली, तर तिने ती पायानेच मागे सारली.

"नको रं बाबा. उभीच बरी हाय मी."

नामाच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. त्याने वाढप्याच्या हातातला ट्रे जवळजवळ हिसकावून घेतला आणि बहिणीसमोर धरला. ट्रेमधल्या वाट्या एकमेकींवर वाजत होत्या.

"बाय, आजून एक. माझ्यासाठी."

तिने घेतली. खाल्ली. पदराने तोंड पुसलं.

"घावन जाड झालंय," ती म्हणाली.

नऊ वर्षांत त्याच्या घरच्या अन्नाला तिने पहिल्यांदा नाव ठेवलं होतं. नामाला रडू आवरेना. तो तसाच स्टेजवर चढला आणि फोटोवाल्याला बाजूला करून त्याने भाविकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी तुला काय काय बोललो गं," तो म्हणाला. "तुला बरं सुचलं हे."

"मला?" भाविकाने मुंडावळ्या सारून त्याच्याकडे पाहिलं. "मला तर पंगतच पाहिजे होती, पप्पा. आत्याच महिनाभर रोज फोन करून मागे लागली होती."