आईच्या नावाची सहल

मुलगा आणि सून सकाळपासून घरात बूट घालून हिंडत होते. जंगलातून कडा उतरून थेट समुद्रापर्यंत चालायचं, तर नवे बूट आधी पायाला बसायला हवेत, नाहीतर चावतात म्हणे. पुसलेल्या फरशीवर नुसती खाडखाड चालली होती. बाईंनी ती खपवून घेतली. सहल त्यांच्यासाठीच होती ना!

बाई भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. वर्गातल्या नकाशावर पट्टी टेकवून टेकवून त्या किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानाचा हिरवा रंग उडाला होता. स्वतः मात्र तिथे कधी गेल्या नव्हत्या. निरोपसमारंभात मुलगा चारचौघांसमोर म्हणाला, "आईला आता तिथेच घेऊन जाणार," तेव्हा बाईंना रडू आवरलं नव्हतं.

आता टेबलावर नकाशा पसरला होता आणि मुलगा पेनाने वाटा गिरवत होता. बाळ बाईंच्या कडेवर होतं.

"पहिल्या दिवशी दीपगृह. मग कड्याखालची वाट. शेवटी गुहा."

"आणि माझे बूट कधी आणायचे?" बाईंनी विचारलं.

मुलाने मान वर केली नाही. "तुला कशाला बूट? बाळाला घेऊन थोडंच उतरता येणार आहे? विश्रामगृहाला मस्त गच्ची आहे. तिथून समुद्र दिसतो."

"दुर्बीण घेऊ या तुम्हाला, आई," सून म्हणाली. चेष्टा नव्हती, बिचारी मनापासून बोलली. म्हणून तर जास्त लागलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वा रे वा! सत्कार आपला, आणि सतरंज्याही आपणच उचलायच्या. नातू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुणी विचारलं असतं, तर एखादा दिवस हौसेने बसल्या असत्या त्याच्याजवळ. पण विचारलंच नव्हतं कुणी.

त्यांनी बाळ उचलून मुलाच्या मांडीवर ठेवलं.

"बूट काढ."

"अगं, आत्ता कुठे पायाला बसायला लागलेत."

"काढ म्हणते ना."

हा वर्गातला आवाज होता. मुलाने मुकाट्याने बूट काढले. बाईंनी त्यांत पाय घातले. चांगले दोन बोटं मोठे होते. त्यांनी नाड्या करकचून आवळल्या.

"अहो, तुमच्या चपला घाला ना," सून म्हणाली.

"चपलांनी गच्चीपर्यंतच जाता येतं." बाईंनी पर्स काखेत मारली. "दुकानात जाऊन माझ्या मापाचे घेऊन येते. मग बसून ठरवू, गच्चीत कुणी कोणत्या दिवशी बसायचं ते. तिघांच्याही पाळ्या लावायच्या."

दार आपटलं. मुलगा नुसत्या मोज्यांवर, बाळाला धरून बसून राहिला. जिन्यावरून खाड, खाड आवाज खाली उतरत होता. मध्येच एकदा तो अडखळला, थांबला.

मग पुन्हा सुरू झाला.