हिरवळीचा आवाज

नागनाथनं कार्बोरेटरला तोंड लावून जोरात फुंकलं. कचरा आतच राहिला, पेट्रोल तेवढं मिशीवर आलं.

"बाबा, दुसऱ्या बाजूनं फुका," रेणुका म्हणाली.

अंगणात पोत्यावर गवत कापायच्या मशीनचं इंजिन उघडं पडलं होतं. मशीन तात्यारावांच्या लॉन्सची. मंगल कार्यालयापुढं मैदान असलं की त्याला लॉन्स म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. त्यात गवत पाहिजेच असं काही नाही. देवगाव फाट्याजवळच्या तात्यारावांच्या मैदानात मात्र खरंखुरं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते जळालं, तेव्हा त्यांनी वर हिरवं प्लास्टिक अंथरलं आणि पाटीवरची 'नैसर्गिक हिरवळ' तशीच ठेवली. लग्नघरची माणसं जागा बघायला आली, की माळी नागनाथनं मशीन चालू करून लांबच्या कोपऱ्यात हिंडायचं. पातं काढून ठेवलेलं असायचं, नाहीतर हिरवळच गुंडाळून आली असती. मशीनचा आवाज आला, की वाकून बघायचं कुणाच्या मनात येत नाही.

आज आवाजच बंद पडला होता.

"झाली का न्हाई?" फोनवर तात्याराव.

"व्हायलीय, मालक."

"व्हायलीय काय! पार्टी सेलूहून निघालीय. ध्यानात ठेव नागनाथ, मशीन चालली तर पाच तारीख तुझी."

पाच तारखेला रेणुकाचं लग्न होतं. त्यासाठी लॉन्स फुकट द्यायचं तात्यारावांनी दिवाळीपासून तीनदा कबूल केलं होतं. आधी भिंतींना चुना मारायच्या बोलीवर, मग बोअरची मोटार वर काढायच्या, आणि आता ही मशीन.

सुमनबाई दारात बसून लेकीच्या लग्नपत्रिकांना हळद-कुंकू लावत होती. पत्रिकेवर लॉन्सचं नाव नवरीच्या नावापेक्षा ठळक होतं.

"अवं, हात चालवा की," ती नवऱ्याला म्हणाली. "लॉन्सवर लगीन म्हणल्यावर पाव्हण्यांनी आणखी दोन जीपा वाढवल्यात. मंडळी काय आपल्या न्हाणीत बसवायची का?"

नागनाथनं एअर फिल्टर उघडला. आतून प्लास्टिकचे हिरवे धागे निघाले, मूठभर. गवताची काडी एकही नाही.

"लय उपाशी हाय बिचारी," तो म्हणाला.

क्लचच्या जुन्या केबलची एक तार सोलून त्यानं कार्बोरेटरच्या जेटचं बारीक भोक मोकळं केलं. प्लग घासला, लावला. रेणुकानं चोक धरला, त्यानं दोरी ओढली. मशीन खोकली. पुन्हा ओढली. मशीननं काळा धूर टाकला आणि एकदम अशी गरजली, की शेजारच्या शेळीनं दावं तोडलं.

नागनाथ फोन घेऊन गल्लीत पळाला. "मालक, चालू झाली! आणतो टेम्पोत टाकून."

"आणतोस कवा? पार्टी गेटात उभी हाय. तू तिथंच चालू ठेव अन् फोन मशीनजवळ धर. मी इकडं स्पीकरला लावतो."

"कंच्या स्पीकरला?"

"डीजेच्या. भटारखान्यामागं ठेवलाय, कुणाला दिसत न्हाई. धर, धर!"

नागनाथनं माघारी येऊन फोन रेणुकाच्या हातात दिला आणि स्वतः रेस धरून बसला. नागनाथच्या अंगणात मशीन चालू होती आणि फाट्यावर भटारखान्यामागं गवत कापलं जात होतं. थोड्या वेळानं तात्यारावांचा दबका आवाज आला: मशीन एका जागी उभी वाटायलीय, जरा हलती ठेवा. मग रेणुका फोन घेऊन चालू लागली. तुळशीपासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून तुळशीपर्यंत. फोन मशीनजवळ आला की गवत जवळ कापलं जायचं, लांब गेला की लांब. चार-दोन फेऱ्यांत तिला ते छान जमलं.

न्हाणीच्या कोपऱ्यात ती थांबली. फोन कानाला लावला. मग फोन पाठीमागं लांब धरून सरळ येऊन बापाच्या कानात ओरडली, "मालकांनी पाच तारीख पार्टीला देऊन टाकली!"

"काय?"

"मोकळीच हाय म्हणले! माळ्याच्या पोरीचं होतं, ते देवळापुढं उरकून घेतील म्हणले!"

नागनाथचा हात रेसवर तसाच राहिला. मशीन सोडली तर आवाज बंद, आवाज बंद तर नोकरी बंद, हे त्याच्या हाताला पाठ होतं. मग त्याच्या ध्यानात आलं, की रेणुकाच्या हातातला फोन चालूच आहे. इथं बोललेलं तिथं डीजेवर वाजणार होतं. एकच वाक्य पुरे होतं. साहेब, जरा खाली वाकून हात लावून बघा.

त्यानं फोन ओढून घेतला. रेस कमी केली. फोन ओठांजवळ धरला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

सुमनबाईनं त्यात चिमूटभर साखर घातली.

मशीन चालू झाली, म्हणजे लॉन्स पक्कं झालं. एवढाच हिशोब तिला ठाऊक होता. कुंकवाच्या बोटांनी तिनं शेजारच्या दोन घरांत साखर वाटूनही टाकली होती. दातांखाली साखर करकरली. नागनाथ लेकीकडं बघत राहिला. लेक जमिनीकडं.

"असं गप काय बसलात!" सुमनबाई त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून मशीनपेक्षा मोठ्यानं ओरडली. "मालकाला म्हणा की, लय उपकार झाले तुमचे!"

फोन मधेच होता. उपकार तेवढे डीजेवर गेले.