वर लाल, खाली पांढरं

"छान आहे," बिट्टी म्हणाली. चमचा वाटीत ठेवून तिने आईकडे पाहिलं. "पण मावशीचं असं नसतं."

आईने वाटी उचलली आणि फ्रीजमध्ये ठेवून दिली. सकाळपासून ती याच्या मागे होती. दही फडक्यात बांधून निथळत ठेवलं, त्यात कंडेन्स्ड मिल्क घोटलं, वाफवलं, गार केलं, वर कलिंगडाचा रस आटवून ओतला. औषधाच्या दुकानात ती फार्मासिस्ट होती, थेंब थेंब मोजायची हाताला सवय. तरी हे काही जमत नव्हतं. आधी कॉर्नफ्लोअरच्या गुठळ्या झाल्या. मग जिलेटिन इतकं पडलं, की वाटी उलटी केली तरी आतलं जागचं हलेना. आजचं मात्र तिचं तिलाच आवडलं होतं. चाखून बघताना अर्धी वाटी कधी संपली ते कळलंसुद्धा नव्हतं.

बिट्टीला खोदून विचारावं तर ती एवढंच सांगायची. थंड असतं. वर लाल, खाली पांढरं. चमचा लावला की थरथरतं.

मावशी म्हणजे बाबाची नवी बायको. उन्हाळ्याची सुट्टी दोन घरांत वाटली गेली होती, एक आठवडा इथे, एक तिथे. आई पोरीला त्यांच्या फाटकाशी सोडायची आणि फाटकाशीच परत घ्यायची. मावशी कधी गॅलरीत उभी दिसायची, कधी नाही. दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. फोन नंबर तेवढा होता, अडीअडचणीला म्हणून.

पहिल्यांदा बिट्टीने ते थंड पांढरं मागितलं, तेव्हा आईने हसून सोडून दिलं. पुढच्या खेपेला तिचं हसू जरा कमी झालं. आता तर दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापतानाही तेच डोक्यात. आज वाटीभर गोड, उद्या आणखी काही. पोरगी हातची चालली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. ते ती कुणाला सांगू शकत नव्हती. ऐकणारा म्हणाला असता, अगं, एका वाटीवरून काय?

बिट्टी खाली खेळायला पळाली. आईने दार लावलं आणि नाक मुठीत धरून फोन लावला.

"मी बिट्टीची आई बोलतेय."

"काय झालं? पडली का? ताप आहे का तिला?" पलीकडचा आवाज एकदम घाबरा झाला.

"नाही, नाही. बरी आहे. खाली खेळतेय." आईला वाटलं होतं त्यापेक्षा तो आवाज बराच कोवळा होता. "एक विचारायचं होतं. ते थंड पांढरं तुम्ही कसं करता? वर लाल असतं ते. सारखी मागते माझ्याकडे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी करते?"

"ती तसं म्हणते."

"अहो, मला तर म्हणते, आई करते." मावशी बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. "मी किती प्रकार करून बघितले. नारळाचं दूध घालून केलं, क्रीम घालून केलं, वर चेरी लावल्या. चमचाभर खाते आणि शहाण्यासारखी सांगते, छान आहे, पण आईचं असं नसतं. मागच्या वेळी मी मोरीत जाऊन रडले. तुम्हाला विचारायचं धाडस होईना."

आई फ्रीजला पाठ टेकून खाली फरशीवर बसली.

"मागते कधी ती?" तिने विचारलं.

"आली की त्याच दिवशी. तुम्ही फाटकाशी सोडून गेलात की जरा वेळ गॅलरीत उभी राहते, मग आत येऊन मागते. नंतर विसरते."

इथेही तसंच होतं. परत आली, चपला काढल्या, की पहिलं तेच. आईला आता सगळं लख्ख दिसलं. बिट्टीने ते थंड पांढरं कधी, कुठे खाल्लंच नव्हतं. ज्या घरी ती असे, तिथे तिला दुसऱ्या घराची आठवण यायची, आणि ती कशी सांगायची ते तिला कळत नव्हतं. म्हणजे तिकडे गेल्यावर पोरगी आईसाठी झुरत होती. आणि इथे आल्यावर मावशीसाठी. हे दुसरं जरासं टोचलं, नाही असं नाही. पण छातीवरचा धोंडा बाजूला झाला होता, आणि त्यापुढे ते टोचणं काहीच नव्हतं.

"ऐकताय ना ताई?" मावशीने विचारलं.

"ऐकतेय. असं करू या, दोघी मिळून एकच काहीतरी ठरवू. घरात दही आहे ना? मग लिहून घ्या."

दार उघडलं. घामाघूम झालेली बिट्टी पाणी प्यायला आली होती. आईला फरशीवर बसलेलं बघून तिने विचारलं, "कुणाशी बोलतेस?"

"मावशीशी."

बिट्टी ग्लास हातात धरून बघत राहिली. "भांडताय?"

"नाही गं. गप्पा मारतोय."

ती घटाघटा पाणी प्यायली आणि पुन्हा खेळायला पळाली.

पुढच्या आठवड्यात बिट्टी तिकडे गेली. त्याच संध्याकाळी मावशीचाच फोन आला. पोरगी जेवली, सायकल चालवून आली, आता चित्रं काढत बसली होती.

"आणि ते?" आईने विचारलं.

"मागतच नाही हो. एवढं मोठं भांडंभर करून ठेवलंय मी. काय करू त्याचं?"

"आता तुम्हीच खा," आई म्हणाली आणि हातातला चमचा चाटला. "मीही इथे तेच करतेय."