बॅनरची दुरुस्ती

संग्रहालयाच्या मॅडमनी बॅनर टेबलावर पसरला आणि ऐन मधल्या भोकावर बोट ठेवलं. एवढं रफू करून द्या, उद्या उद्घाटन आहे, म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या? तर ज्या शिंपिणीने चाळीस जणींना हाताशी धरून, त्या सगळ्या कामाला होत्या त्या कारखान्यातल्याच चिंध्या जोडून तो बॅनर शिवला होता, तिलाच!

तशा मॅडम वाईट नव्हत्या. खुर्ची दिली, चहा विचारला. दालनाचं नाव 'आंदोलनातील लोककला', त्यामुळे कलेचं तोंडभरून कौतुक झालं. टाके किती एकसारखे, रंग किती उठून दिसतात. कला म्हणे! मोर्चाच्या पुढे धरायला शिवलेलं कापड ते, आणि ते धरून शिंपिणीचा नवरा चालला होता. गोळी आधी कापडातून गेली, मग त्याच्यातून.

मॅडमना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. भिंतीवरच्या पाटीवर सगळं लिहिलं होतं, फक्त गोळी नव्हती. 'काही अनुचित प्रकार घडला', एवढ्यावर भागवलं होतं. पाहुणे सरकारी होते, त्यांना भोक बरं दिसलं नसतं.

शिंपिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, गुंडाळावा बॅनर आणि चालू लागावं. पण युनियननेच तो सहीशिक्क्यानिशी संग्रहालयाला देऊन टाकला होता. ती नाही म्हणाली असती, तर मॅडमनी दुसरा कारागीर बोलावला असता आणि त्याने निमूटपणे भोक बुजवलं असतं. तिने सुई मागितली. दोरा लाल घेतला.

तासाभराने मॅडम परत आल्या. भोक होतं तिथंच होतं. फक्त त्याच्या कडेने, शर्टाच्या गुंडीसाठी करतात तसे, एकाला एक चिकटून टाके घातले होते.

"अहो, हे काय? मी रफू करायला सांगितलं होतं ना?"

"रफूने भोक बुजतं. मी काज केलंय." शिंपिणीने दोरा दातांनी तोडला. "आता उसवायला गेलात, तर आणखी मोठं होईल."

मॅडम काहीतरी बोलत होत्या, पाहुण्यांचं, वेळेचं. शिंपिणीचं तिकडे लक्ष नव्हतं. कुठलंही काज झालं की बघतात तसं, तिने त्यातून बोट आरपार घालून पाहिलं. बरोबर बसत होतं.